लिंकनशायरच्या गावांत बिऱ्हाड मांडताना

पूर्व इंग्लंडमधल्या लिंकनशायर काउंटीत, म्हणजे परगण्यात, लिंकन काउंटी हॉस्पिटल, बोस्टनचं पिलग्रिम हॉस्पिटल, लिंकन विद्यापीठ किंवा स्पॉल्डिंगच्या आसपासचे भाजीपाल्याचे पॅकिंग कारखाने, यांपैकी कुठलीही नोकरी पक्की झाली की पुढचा प्रश्न घराचा. मग रात्री वेबसाइट चाळताना एखाद्या खेड्यातलं दगडी घर दिसतं. पुढे बाग, मागे शेत, भाडं शहरातल्या फ्लॅटइतकंच. पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांतून येणाऱ्या माणसाला ते आवडलं नाही तरच नवल. आमचं सांगणं एवढंच, की ते घर दुसऱ्या वर्षी घ्या. पहिलं वर्ष स्टेशन, मोठं दुकान आणि दवाखाना पायी अंतरावर असलेल्या बाजाराच्या गावात काढा. खेड्यात राहणं सुखाचं आहे, पण त्याआधी ब्रिटिश लायसन्स, गाडी आणि इथल्या एका हिवाळ्याचा अनुभव गाठीशी असावा लागतो.

लिंकनशायर काउंटी कौन्सिलचा मुलूख सुमारे ५,९०० चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडा मोठा. त्यात एकही मोटरवे नाही. पश्चिमेच्या कडेने ए १ जातो. बाकी ए १५, ए १६, ए १७, ए १५८ हे रस्ते बराचसा प्रवास दोन्ही दिशांना एकेकच लेनचे. पुढे ट्रॅक्टर लागला की त्याच्यामागेच जायचं. नकाशावर ३० मैल दिसले तर एक तास धरा. स्केगनेसला जाणारा ए १५८ उन्हाळ्यात शनिवारी-रविवारी आणि शाळांच्या सुट्ट्यांत समुद्रावर जाणाऱ्या गाड्यांनी तुंबतो, तेव्हा तासाचाही भरवसा नाही.

पहिल्या घरासाठी आमची पसंती स्लीफर्डला. लिंकन आणि बोस्टन दोन्हीकडे रेल्वे जाते, दोन्ही अंतरं साधारण १८ मैलांची, आणि गावात मोठी सुपरमार्केटं आहेत. नवरा एका हॉस्पिटलात आणि बायको दुसऱ्या, अशी वेळ आली तर स्लीफर्डसारखी दुसरी सोयीची जागा नाही. ग्रँथम लंडनच्या मुख्य रेल्वेमार्गावर आहे, किंग्ज क्रॉस सव्वा तासाच्या आत. स्पॉल्डिंगहून पीटरबरो जवळ. लाउथ आणि हॉर्नकासल ही गावं देखणी, दुकानं चांगली, पण तिथे रेल्वे नाही. लाउथची प्रवासी रेल्वे १९७० मध्येच बंद झाली. स्टॅमफर्ड सुंदर आहे आणि भाडंही त्याच मापाचं आहे. स्केगनेस, मेबलथॉर्प या किनाऱ्यावरच्या गावांत हिवाळ्यात बरीच दुकानं बंद असतात आणि कामंही हंगामी असतात, हे ध्यानात ठेवा.

घर बघायला जाल तर उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी गाव बघून भुलू नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला जा. शेवटची बस गेलेली असते का, रस्त्यावर दिवे आहेत का, स्वयंपाकघरात फोनला रेंज येते का, हे तेव्हाच कळतं. काउंटीत अनेक ठिकाणी रस्त्यावरचे दिवे मध्यरात्रीनंतर बंद केले जातात आणि लहान खेड्यांत ते मुळातच नसतात. रेंज नसेल तर फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करावं लागतं, पण वीज गेली की राउटरही जातो आणि फोनही. म्हणून चार्ज केलेली पॉवर बँक आणि टॉर्च कायम हाताशी ठेवा. वीज गेल्यावर फिरवायचा नंबर १०५, मोफत आहे.

करारापूर्वीच्या पैशांचं गणित असं. घर राखून ठेवण्यासाठी मालक जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं घेऊ शकतो, आणि डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं. हे डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ३० दिवसांत जमा करून त्याची माहिती तुम्हाला देणं मालकावर बंधनकारक आहे. ती माहिती आली नाही तर लेखी मागा. भाड्याखेरीज कौन्सिल टॅक्स वेगळा. तो घराच्या ए ते एच या बँडवर ठरतो आणि सहसा एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत भरतात. घरात एकच प्रौढ राहत असेल तर २५ टक्के सूट मिळते, मात्र ती आपण मागावी लागते.

पुराचं आधी बघा

दक्षिण-पूर्वेच्या सपाट प्रदेशाला फेन्स म्हणतात. ही दलदल उपसून काढलेली जमीन. काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे आणि तिथलं पाणी आजही पंपांनी कालव्यांत उपसलं जातं. या कालव्यांना इथे ड्रेन म्हणतात. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्र किनाऱ्यावरच्या गावांत घुसला आणि माणसं दगावली. ५ डिसेंबर २०१३ ला भरतीचं पाणी बोस्टनच्या मधोमध असलेल्या सेंट बोटोल्फ चर्चपर्यंत आलं. जून २०१९ मध्ये वेनफ्लीटला स्टीपिंग नदीचा बांध फुटला. ऑक्टोबर २०२३ च्या बाबेट वादळात हॉर्नकासलमधली घरं बुडाली, म्हणजे धोका फक्त सखल भागालाच आहे असं नाही. टेकड्यांवरून उतरणारं पाणीही तितकंच वेगाने येतं.

सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की त्या घराचा पुराचा दीर्घकालीन धोका दिसतो. नदी-समुद्राचा धोका आणि पावसाच्या तुंबलेल्या पाण्याचा धोका वेगवेगळा दाखवतात, दोन्ही वाचा. घरमालकाला लेखी विचारा की गेल्या पाच वर्षांत घरात पाणी आलं होतं का. राहायला गेल्यावर पुराच्या इशाऱ्यांसाठी नाव नोंदवा, मोफत असतं. फ्लडलाइनचा नंबर ०३४५ ९८८ ११८८. मालकाचा विमा इमारतीपुरता असतो, तुमच्या सामानाचा विमा तुम्हीच काढायचा. पूरप्रवण भागातल्या घरांना परवडणारा विमा मिळावा म्हणून फ्लड री नावाची योजना आहे, पण १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरं तिच्यात बसत नाहीत. धोक्याच्या जागी नवंकोरं घर घेत असाल तर करारापूर्वीच विम्याचे दर काढून बघा.

रॉकेल, ओल आणि सेप्टिक टँक

बऱ्याच खेड्यांत पाइपचा गॅस नाही. घर तापवायचं काम अंगणातल्या टाकीतलं हीटिंग ऑइल करतं. हे केरोसीन, म्हणजे आपलं रॉकेलच. टाकी साधारण १,००० ते १,२०० लिटरची असते आणि टँकरवाले बहुधा ५०० लिटरच्या खाली देत नाहीत. तीन बेडरूमचं जुनं घर वर्षाला दीड-दोन हजार लिटर सहज पितं. म्हणजे पहिल्याच महिन्यात ५०० लिटरचे पैसे एकरकमी काढून ठेवावे लागतात, आणि पगार हाती येण्याआधीची ही सोय करून यायला हवी.

टाकी एक चतुर्थांशावर आली की ऑर्डर द्या. डिसेंबरात टँकर यायला दोन आठवडेही लागतात; तहान लागल्यावर विहीर खणणारा माणूस नाताळात गारठतो. टाकी पूर्ण रिकामी होऊ देण्यात आणखी एक धोका आहे. तळाशी पाणी आणि गाळ साचलेला असतो, तो नळीत ओढला जातो. शिवाय नळीत हवा अडकते. मग नवं तेल भरलं तरी बॉयलर पेटत नाही आणि मेकॅनिकला बोलावून हवा काढून घ्यावी लागते. बॉयलर दोनदा रिसेट करूनही पेटला नाही तर पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नका, न जळलेलं तेल आत साचतं. घराचा ताबा घेताना टाकीची पातळी मोजा, तारखेसकट फोटो काढा आणि सामानाच्या यादीत लिहून घ्या. घर सोडताना तेलाच्या हिशेबावरून होणारे वाद त्या एका फोटोने टळतात. टाकीला कुलूप लावा, तेलाच्या चोऱ्या होतात. अनेक गावांत शेजारी मिळून तेल मागवतात आणि एकगठ्ठा ऑर्डरमुळे दर उतरतो. अशी मंडळी आपल्या गावात कोण आहेत हे पहिल्याच आठवड्यात विचारा.

बॉयलर नवा असेल तर त्यातून पाण्याची एक पातळ प्लॅस्टिकची नळी भिंतीबाहेर जाते. कडाक्याच्या थंडीत हे पाणी गोठतं, नळी तुंबते आणि बॉयलर बंद पडतो. बाहेरच्या नळीवर कोमट पाणी ओता, उकळतं नको, आणि मग एकदा रिसेट करा. तेलाच्या बॉयलरची दुरुस्ती ऑफ्टेक नोंदणीच्या मेकॅनिककडूनच करून घ्यायची आणि वर्षाची सर्व्हिसिंग मालकाने करायची. बॉयलर किंवा लाकडाची शेगडी असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म बसवणं मालकाला कायद्याने भाग आहे. फोडणीच्या धुराने अलार्म वाजला म्हणून त्याची बॅटरी कोणीही काढू नये. एक्झॉस्ट लावा, दार लोटून घ्या.

ओलीचा त्रास आपल्या स्वयंपाकाने वाढतो, हे स्पष्ट सांगायला हवं. कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, घरात वाळत घातलेले कपडे, चौघांच्या आंघोळी, ही सगळी वाफ सर्वात गार भिंतीवर जाऊन पाणी होते. दगडी किंवा जुन्या विटांच्या भिंतीत मधली पोकळी नसते, त्या आतूनही गार राहतात. मग कपाटामागे काळी बुरशी धरते आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. खिडकीच्या चौकटीवरची हवेची फट थंडी येते म्हणून कागदाने बुजवू नका. रोज सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्त मिळतं. आकडा ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर डीह्युमिडिफायर घ्या. दिवसातून दोनदा घर खूप तापवून मधे गार होऊ देण्यापेक्षा मंद आच सतत ठेवलेली भिंतींना बरी.

ड्रेनेजची सरकारी लाइन नसेल तर सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं. इथे मराठी स्वयंपाकघराची एक सवय बदलावी लागते. कढईतलं तळणीचं तेल, तुपाची बेरी, मटणाच्या रश्श्यावरचा तवंग यांतलं काहीही सिंकमध्ये ओतायचं नाही. थंड पाण्यात ते थिजतं आणि नळी बुजते. तेल बाटलीत भरून वेगळं टाका, भांडं कागदाने पुसून मग धुवा. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, भाताचं ढेकूळ काहीच जाता कामा नये, पाकिटावर फ्लशेबल लिहिलेलं असलं तरी. ब्लीच बेताने वापरा, कारण टाकीतला मैला कुजवणारे जीवाणू त्याने मरतात. टाकी साधारण वर्षाने उपसावी लागते. तो खर्च कोणाचा हे करारात लिहून घ्या.

नळाचं पाणी जड आहे. कुकरमध्ये आणि केटलमध्ये पांढरा थर बसतो, तो व्हिनेगरने निघतो. या पाण्यात तूरडाळ आणि विशेषतः हरभरे-राजमा उशिरा शिजतात. रात्री भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की काम होतं.

रस्ता आणि लायसन्स

भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. ते ब्रिटिश लायसन्सशी बदलून मिळत नाही, थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. बाराव्या महिन्यात जागं होणाऱ्याला पुढे काही महिने कामावर जायची पंचाईत होते, कारण प्रात्यक्षिक परीक्षेची तारीख मिळायलाच महिने लागतात. आल्या महिन्यात ऑनलाइन ३४ पौंड भरून प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, मागवा. थिअरीत ५० पैकी ४३ प्रश्न बरोबर यावे लागतात आणि धोके ओळखण्याच्या व्हिडिओ-चाचणीत ७५ पैकी ४४ गुण लागतात. ते प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, त्यामुळे आधी थिअरी उरकून लगेच प्रात्यक्षिकाची तारीख धरा. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं.

भारतात वर्षानुवर्षं गाडी चालवलेली माणसं इथे नापास होतात ती स्टिअरिंगमुळे नाही. आरशात न बघता वेग किंवा दिशा बदलणं, राउंडअबाउटवर चुकीची लेन धरणं, क्लचवर पाय ठेवून वळणं, आणि भीतीपोटी ६० च्या रस्त्यावर ४० ने रेटणं. विनाकारण सावकाश चालवण्याचेही गुण कापतात. परीक्षेआधी चार-पाच तास तरी स्थानिक इन्स्ट्रक्टरकडे द्या.

फेन्समधल्या रस्त्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. खालची मऊ माती वाळते, आकसते, खचते आणि डांबर लाटांसारखं वरखाली होतं. रस्ता दोन मैल सुतासारखा सरळ जातो आणि मग शेताच्या बांधावर काटकोनात वळतो. वेगमर्यादा ६० मैल लिहिलेली असते, पण त्या वेगाने तिथे कोणी जायचं नसतं. लाटेवर गाडी उडते आणि ताबा सुटतो. शेजारी आठ-दहा फूट खोल ड्रेन, बहुतेक ठिकाणी कठडा नाही. सप्टेंबरपासून बीट आणि बटाट्याची काढणी सुरू झाली की ट्रॅक्टरच्या चाकांची माती रस्त्यावर पडते, त्यावर पाऊस पडला की चिखलाचं तेल होतं. नोव्हेंबरनंतर पहाटे धुकं आणि ओल्या रस्त्यावर न दिसणारा बर्फ. मीठ मुख्य रस्त्यांवरच टाकतात, गावातल्या गल्ल्यांत नाही. सकाळच्या शिफ्टला जाणाऱ्याने हिवाळ्यात लांबचा पण मुख्य रस्ता धरावा. गाडी पाण्यात गेलीच तर क्रम असा ठेवा: पट्टा सोडा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा, मग स्वतः निघा. फोन नंतर. पाण्याचा दाब आला की दार उघडत नाही आणि काचेची मोटरही लवकरच बंद पडते, म्हणून काच पहिल्या काही सेकंदांतच खाली करायची. हे घरात सर्वांना पाठ हवं.

रस्त्यात घोडा दिसला तर ताशी १० मैलांच्या वर न जाता, किमान दोन मीटर अंतर ठेवून ओलांडा, हॉर्न वाजवू नका. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालताना उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला आणि अंधारात चमकणारं जाकीट घाला.

जुनी गाडी घेताना सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून एमओटीचा, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास बघा. आधीच्या तपासण्यांत काय काय नापास झालं ते सगळं तिथे मोफत दिसतं. किनाऱ्याजवळच्या गाड्यांत खालचा पत्रा गंजलेला आहे का ते विशेष पाहा. विम्यात एक फट अशी आहे की तिच्यात घरोघर जाऊन सेवा देणाऱ्या केअर वर्करची सर्रास फसगत होते. कम्युटिंगचा, म्हणजे कामावर जाण्या-येण्याचा, विमा एका ठरावीक कामाच्या जागेपर्यंतचा असतो. एका रुग्णाच्या घरून दुसऱ्याच्या घरी जात असाल तर बिझनेस यूज घ्यावाच लागतो, नाहीतर अपघातात विमा कंपनी दावा नाकारू शकते. विना-विमा पकडलं तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर सहा दंडाचे पॉइंट, आणि लायसन्स मिळून दोन वर्षं झाली नसतील तर सहा पॉइंटांवर लायसन्सच रद्द होतं.

गाडी नसेपर्यंत कॉलकनेक्टचा उपयोग करा. ही मागणीनुसार धावणारी छोटी बस आहे. आधी नाव नोंदवायचं, मग फोनवर किंवा अॅपवर सीट बुक करायची, ती गावातल्या ठरलेल्या जागेवरून उचलते. रविवारी ती नसते आणि रात्रीच्या शिफ्टला तिचा उपयोग नाही.

दवाखाना, दात, शाळा

जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवताना पत्त्याचा किंवा व्हिसाचा पुरावा देण्याची सक्ती नाही. काउंटरवर अडवलं तर शांतपणे तेवढं सांगा. औषधाच्या दुकानापासून १.६ किलोमीटरहून लांब राहत असाल तर बऱ्याच ग्रामीण दवाखान्यांतच औषध मिळतं, फक्त नाव नोंदवताना तसं सांगावं लागतं. थायरॉइड, रक्तदाब, मधुमेहाची नेहमीची औषधं आठवडाभर आधी मागवा. येताना तीन महिन्यांची औषधं आणि औषधाचं मूळ नाव लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन आणा, कारण आपल्याकडच्या ब्रँडची नावं इथे कोणी ओळखत नाही.

एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, दातांचा डॉक्टर मिळणं या काउंटीत फार अवघड आहे. रूट कॅनाल, अक्कलदाढ, मुलांचे दात, जे असेल ते निघण्यापूर्वी घरीच उरकून या.

रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर १११. जिवावरचं असेल तर ९९९. अँब्युलन्सला लांबून यायचं असतं म्हणून लाइव्हज नावाची धर्मादाय संस्था गावोगावच्या प्रशिक्षित स्वयंसेवकांना आधी पाठवते; तुमच्या दारात साध्या गाडीतून आलेला माणूस बॅग घेऊन उतरला तर तो तोच असू शकतो. अडचण होते ती घर सापडण्याची. खेड्यात अनेक घरांना नंबरच नसतो, नुसतं नाव असतं, आणि एकाच पोस्टकोडात मैलभर विखुरलेली घरं येतात. घराचं नाव रात्री रस्त्यावरून वाचता येईल असं लावा. व्हॉट थ्री वर्ड्स हे अॅप प्रत्येक जागेला तीन शब्दांचा पत्ता देतं; आपल्या दाराचे ते तीन शब्द कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. आई-बाबा भेटीला आलेले असतील तर त्यांना तो कागद दाखवून ठेवा. गावातलं डिफिब्रिलेटर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं यंत्र, कुठे आहे तेही बघून ठेवा, बहुधा जुन्या लाल टेलिफोन बूथमध्ये किंवा हॉलच्या भिंतीवर असतं.

शाळेच्या बाबतीत हा मुलूख इंग्लंडच्या बऱ्याच भागांहून वेगळा आहे. इथे निवड परीक्षेच्या सरकारी ग्रामर शाळा टिकून आहेत: स्लीफर्ड, ग्रँथम, बोस्टन, स्पॉल्डिंग, बोर्न, लाउथ, हॉर्नकासल, गेन्सबरो अशा अनेक गावांत. लिंकन शहरात मात्र एकही नाही. परीक्षा इथल्या सहावीच्या (इयर सिक्सच्या) सुरुवातीला सप्टेंबरात होते, पण नाव पाचवीतच नोंदवावं लागतं. बहुतेक शाळांचा पात्रतेचा आकडा २२० आहे. पेपर शाब्दिक आणि आकृतींच्या तर्कावर असतात, पाठांतर इथे कामाला येत नाही. मूल पाचवीत असताना येणार असाल तर विमानात बसण्याआधीच सराव सुरू करा. माध्यमिकच्या अर्जाची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर, प्राथमिकची १५ जानेवारी. जवळची योग्य शाळा आठ वर्षांखालील मुलाला दोन मैलांहून किंवा मोठ्या मुलाला तीन मैलांहून लांब असेल तर बस मोफत मिळते. त्याहून लांबची शाळा आपण पसंतीने निवडली तर सहसा नाही. घर ठरवण्याआधी या दोन मैलांचा हिशेब करा.

वाणसामान

मोठ्या सुपरमार्केटात तूरडाळ, बासमती, आटा, हिरव्या मिरच्या मिळतात. ज्वारी-बाजरीचं पीठ, मटकी, साबुदाणा, पोहे, कोकम यांसाठी लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड आणि मेल्टन रोड. ग्रँथमपासून सुमारे ३२ मैल. दुकानं गुजराती आहेत, त्यामुळे मटकी मठ नावाने मागा आणि शेंगदाणे सिंगदाणा नावाने. स्पॉल्डिंग-बोस्टनच्या बाजूला राहणाऱ्यांना पीटरबरोतला लिंकन रोड जवळ. महिन्यातून एक फेरी पुरते. गोडा मसाला मात्र घरचाच आणा. तूप, पेढे, खवा, कुठलाही दुधाचा किंवा मांसाचा पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

भाज्यांच्या बाबतीत तुम्ही भाग्यवान आहात. इंग्लंडचा फ्लॉवर, कोबी, बटाटा आणि वाटाणा मोठ्या प्रमाणात याच मातीत पिकतो. शेतांच्या फाटकाशी टेबलावर अंडी, बटाट्याची पोती, भोपळे ठेवलेले असतात आणि शेजारी पैशांचा डबा. सुटी नाणी गाडीत ठेवा आणि लिहिलेली किंमत पूर्ण टाका. बोस्टनचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, स्पॉल्डिंगचा मंगळवारी आणि शनिवारी, स्टॅमफर्डचा शुक्रवारी. बोस्टनमधल्या पोलिश-लिथुआनियन दुकानांत शेपूची जाडजूड जुडी स्वस्त मिळते, आपल्या भाजीसाठी अगदी योग्य. मेथी आणि कोथिंबीर मे ते सप्टेंबर अंगणातल्या कुंडीत सहज येते, वाणसामानातले दाणेच पेरा. हिवाळ्यात मटकीला मोड येत नाहीत अशी तक्रार असते. गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असेल तर त्यात भांडं ठेवा, नाहीतर दिवा लावलेल्या ओव्हनमध्ये.

गावकरी आणि सण

पॅरिश कौन्सिल म्हणजे इथल्या स्थानिक कारभाराची सर्वात खालची पायरी. बसथांब्याजवळच्या फलकावर तिच्या सभेची तारीख असते, सभेला कोणीही जाऊ शकतं. हॉलचं भाडं, भाड्याने मिळणाऱ्या भाजीच्या वाफ्यांची यादी, पुराच्या वाळूच्या पिशव्या हे सगळं तिच्या क्लार्कला विचारायचं. पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे जाऊन नाव सांगा आणि फोन नंबर द्या. चर्चमधल्या कॉफी मॉर्निंगला जायला ख्रिस्ती असावं लागत नाही.

बोस्टनने २०१६ च्या सार्वमतात ७५.६ टक्के मतं युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने दिली, देशात सर्वाधिक. परदेशातून आलेल्यांबद्दल नाराजी आहे आणि ती कधी बोलण्यातून जाणवते. रोजच्या शेजारधर्मात मात्र बर्फात अडकलेली गाडी ढकलायला हेच लोक येतात. शिवीगाळ किंवा धमकी झाली तर गप्प बसू नका: वेळ, जागा, गाडीचा नंबर लिहून ठेवा आणि १०१ वर कळवा, जिवाला धोका असेल तर ९९९. कामाच्या जागी झालं तर मॅनेजरला ईमेलनेच कळवा, म्हणजे नोंद राहते.

शेतातून पहाटे धडाधड आवाज आले तर घाबरू नका, पिकावरची पाखरं उडवायची गॅसची तोफ असते. १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम. पिवळ्या बाणांची पायवाट शेतातून जाते, तिच्यावरून चालायचा तुम्हाला हक्क आहे. फाटक जसं सापडलं तसंच ठेवा आणि वासरू असलेल्या गाईंपासून लांबून जा. कॉनिंग्जबीच्या हवाई तळाजवळ घर घेत असाल तर टायफून विमानांचा आवाज आधी ऐकून या. स्लीफर्डजवळच्याच क्रॅनवेलच्या हवाई दल कॉलेजात भारतीय हवाई दलाचे पहिले अधिकारी तयार झाले, मुलांना तेवढं जरूर सांगा.

गणपतीची मूर्ती शाडूची आणा आणि विसर्जन घरीच बादलीत करा. ड्रेन आणि नद्या पाटबंधारे मंडळांच्या किंवा खासगी मालकीच्या असतात, काठ निसरडे आणि उभे असतात, आणि मूर्ती पंपाच्या जाळीत अडकते. उरलेली माती अंगणातल्या झाडांना घाला. सार्वजनिक उत्सवासाठी लेस्टर, नॉटिंगहॅमकडे मराठी मंडळी जमतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं आहे. गावात दहा-बारा कुटुंबं जमत असतील तर हॉल दोन महिने आधी धरा आणि समई-आरतीची ज्योत चालेल का हे लेखी विचारा, नाहीतर ऐन आरतीत फायर अलार्म वाजतो. दिवाळीच्या रात्री फटाके कायद्याने एक वाजेपर्यंत उडवता येतात, एरवी बहुतेक दिवशी अकरापर्यंत. पण आसपास घोडे किंवा मेंढ्या असतील तर चार दिवस आधी त्या शेतकऱ्याला तारीख आणि वेळ सांगा, म्हणजे तो जनावरं आत घेईल. नुसत्या फुलबाज्या लावणार असाल तर सांगायची गरज नाही. विझलेल्या काड्या तेवढ्या पाण्याच्या बादलीत टाका.